चुकून सापडलेली बेटे आणि न चुकणारे वारे

१५६५ पासून पुढची जवळपास अडीचशे वर्षे स्पॅनिश गलबते प्रशांत महासागर ओलांडत होती. मेक्सिकोतल्या अकापुल्कोहून चांदी भरून मनिलाला जायचे आणि तिथून चिनी रेशीम नि चिनी मातीची भांडी घेऊन परतायचे, असा हा धंदा. या जाण्यायेण्याच्या मधोमध हवाई बेटे आहेत, आणि ती काही लहानसहान नाहीत. त्यांतल्या सर्वांत मोठ्या बेटावरचा मौना केआ हा डोंगर ४,२०७ मीटर उंच आहे. तरीही या गलबतांनी हवाई पाहिल्याची एकही पक्की नोंद नाही. युरोपला या बेटांचा पत्ता लागला १७७८ मध्ये, जेम्स कुकच्या तिसऱ्या सफरीत.

आता हे पाहा. दक्षिण अटलांटिकमध्ये सेंट हेलेना नावाचे बेट आहे. क्षेत्रफळ जेमतेम १२२ चौरस किलोमीटर. आफ्रिकेचा किनारा तिथून सुमारे १,९०० किलोमीटरवर, ब्राझील त्याहूनही लांब. वास्को द गामा कालिकतला पोहोचला १४९८ मध्ये, आणि पुढच्या चारच वर्षांत हा ठिपका पोर्तुगीजांच्या नजरेला पडला. तो शोधायला म्हणून कोणी निघाले नव्हते.

भला थोरला डोंगर दोन शतके चुकतो आणि ठिपका चार वर्षांत सापडतो. नशीब म्हणून हे सोडून देता येते, आणि जुन्या सफरींच्या गोष्टी सांगताना बहुतेकजण तेच करतात: वादळ आले, जहाज भरकटले, समोर बेट! वादळे येत होती हे खरेच. पण भरकटलेले जहाजसुद्धा वाटेल तिकडे जात नाही. ते वारा आणि पाण्याचा प्रवाह नेईल तिकडे जाते, आणि महासागरावरचे वारे बरेचसे ठरलेल्या दिशेने वाहतात. एसटीच्या मार्गावरचे चार घरांचे गावही सगळ्यांच्या ओळखीचे असते आणि फाट्यापासून दहा मैल आत असलेले मोठे गाव कोणाला माहीत नसते, तसे हे आहे.

शाळेच्या भूगोलातले ग्रहीय वारे आठवा. विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना, साधारण तीस अंशांपर्यंत, व्यापारी वारे वाहतात: उत्तर गोलार्धात ईशान्येकडून, दक्षिण गोलार्धात आग्नेयेकडून. त्याच्या पलीकडे, चाळीस अंशांच्या आसपास, पश्चिमी वारे. दक्षिणेला वाटेत अडवायला जमीन फारशी नसल्यामुळे ते इतके जोरात सुटतात की त्यांना ‘गरजणारे चाळीस’ म्हणतात. परीक्षेपुरते पाठ करून आपण हे विसरून जातो. शिडाच्या जहाजाला मात्र हाच रस्ता असतो.

कारण शिडाचे जहाज वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. त्रिकोणी शिडाची हलकी नौका वाऱ्याच्या बाजूने तिरकी चढत, नागमोडी वळणे घेत थोडीफार पुढे सरकते. चौकोनी शिडांच्या जड जहाजाला तेही धड जमत नाही. मागून किंवा बाजूने वारा हवा. तो समोरून असेल तर नकाशावरचे सरळ अंतर कितीही कमी असो, त्याचा काडीचा उपयोग नाही.

पंधराव्या शतकात पोर्तुगीज आफ्रिकेच्या किनाऱ्याने दक्षिणेकडे सरकू लागले तेव्हा त्यांना याचाच फटका बसला. मोरोक्कोच्या किनाऱ्याने खाली उतरणे सोपे, कारण वारा मागून आणि प्रवाहही त्याच दिशेचा. परत येताना मात्र दोन्ही समोरून. यावर त्यांनी काढलेला तोडगा ऐकायला वेडगळ वाटतो. घराकडे तोंड करायचेच नाही. किनाऱ्याला पाठ दाखवून थेट भर समुद्रात वायव्येला जायचे, बरेच उत्तरेला जाईपर्यंत. तिथे पश्चिमी वारे भेटतात आणि ते तुम्हाला लिस्बनला आणून सोडतात. या वळशाला पोर्तुगीज ‘व्होल्टा दो मार’ म्हणत. माझ्या मते त्या काळातल्या युरोपीय नौकानयनातली सर्वांत मोठी अक्कल ही होती. तोफा, होकायंत्र, नकाशे हे सगळे तिच्यानंतर.

आणि या वळशाच्या वाटेवर काय येते? अझोर्स. लिस्बनच्या पश्चिमेला सुमारे चौदाशे किलोमीटरवरची, माणसाचा मागमूस नसलेली बेटे. १४२७ च्या सुमाराला ती पोर्तुगीजांना सापडली आणि पुढे परतीच्या जहाजांचा मुक्काम झाली. त्याआधी, १४१८ मध्ये, झार्को आणि तेइशेरा हे दोघे पोर्तुगीज दर्यावर्दी आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे जाताना वादळात सापडून पोर्तो सांतो या बेटाला लागले, असे सांगतात. दुसऱ्या वर्षी शेजारचे मदेरा. तशी ही बेटे चौदाव्या शतकातल्या काही नकाशांवर आधीच उमटली होती. म्हणजे त्याआधीही कोणीतरी तिथून गेले होते. पण वस्ती झाली ती आता.

पोर्तो सांतोचा कारभार बार्तोलोमेउ पेरेस्त्रेलो याला मिळाला. त्याने सोबत एक गाभण सशीण नेली होती. ती वाटेत व्याली, आणि पिलांसकट तिला बेटावर सोडून दिले. बेटावर सशाला खाणारे कोणी नव्हते. थोड्याच वर्षांत सशांनी उभी पिके इतकी फस्त केली की वसाहतवाल्यांना तिथे टिकणे कठीण झाले. याच पेरेस्त्रेलोची मुलगी फिलिपा पुढे कोलंबसची बायको झाली.

आता विषुववृत्त ओलांडू. दक्षिण अटलांटिकमध्ये हेच चित्र उलटे होते, आरशात पाहिल्यासारखे. आग्नेय व्यापारी वारे आफ्रिकेकडून ब्राझीलकडे वाहतात. आफ्रिकेच्या किनाऱ्याला धरून दक्षिणेला जायचे तर ते तोंडावर येतात. म्हणून १४९७ मध्ये गामाने केप व्हर्द बेटांतले सांतियागो सोडले आणि किनाऱ्याचा नाद सोडून भर अटलांटिकमध्ये एक प्रचंड कमान घेतली. आधी नैर्ऋत्येला, मग खाली उतरून पश्चिमी वारे मिळाले की पूर्वेला. ऑगस्टच्या सुरुवातीला निघालेल्या खलाशांना पुन्हा जमीन दिसली ती ४ नोव्हेंबरला. तीन महिने नुसते पाणी. पाच वर्षांपूर्वी कोलंबसला कॅनरी बेटांपासून बहामापर्यंत जायला साधारण पाच आठवडे लागले होते, हे लक्षात घेतले म्हणजे या कमानीचा आवाका कळतो.

किनाऱ्याला लागल्यावर गामाने पहिले काम काय केले, तर मोठे लाकडी अ‍ॅस्ट्रोलेब जमिनीवर तिपाईला टांगून भर दुपारी सूर्याची उंची मोजली. हलत्या डेकवर हे मोजमाप नीट होत नाही, आणि एका अंशाची चूक म्हणजे १११ किलोमीटरची चूक. उत्तर गोलार्धात ध्रुवतारा पाहून अक्षांश काढता येतो. विषुववृत्ताच्या खाली ध्रुवतारा क्षितिजाआड जातो, म्हणून सूर्याचा आधार घ्यावा लागतो. त्यासाठी सूर्य वर्षाच्या कोणत्या दिवशी किती उत्तरेला किंवा दक्षिणेला असतो याचे कोष्टक लागते. अब्राहम झाकुतो या ज्यू ज्योतिषशास्त्रज्ञाने केलेल्या गणितावरून ती कोष्टके तयार झाली होती. त्यामुळे आपण उत्तर-दक्षिण कुठे आहोत हे दर्यावर्द्यांना बऱ्यापैकी कळू लागले. पूर्व-पश्चिम कुठे आहोत, ते मात्र पुढची पावणेतीनशे वर्षे कळत नव्हते. त्याकडे येऊच.

गामाची कमान पश्चिमेकडे थोडी जास्त फुगली की काय होते, ते १५०० मध्ये पेद्रो आल्व्हारेस काब्रालने दाखवले. तो ९ मार्चला तेरा जहाजे घेऊन भारताकडे निघाला होता. २१ एप्रिलला पाण्यावर तरंगणारे समुद्री गवत दिसले, दुसऱ्या दिवशी सकाळी पक्षी, आणि संध्याकाळच्या सुमाराला एक उंच, गोल डोंगर. ताफ्यातल्या पेरो व्हाझ द कामिन्या याने राजाला पाठवलेल्या पत्रात हे सगळे बारकाईने लिहिले आहे. तो डोंगर ब्राझीलचा. पोर्तुगीजांना तिकडे काहीतरी असल्याचा आधीच सुगावा होता का, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. मला तो वाद फार महत्त्वाचा वाटत नाही. त्या वाऱ्यांवरून भारताकडे दरसाल ताफे जात राहिले असते तर आज ना उद्या कोणीतरी ब्राझीलला जाऊन थडकलेच असते.

याच ताफ्यातली चार जहाजे मे महिन्यात दक्षिण अटलांटिकच्या वादळात बुडाली. आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालणारा पहिला युरोपीय कप्तान बार्तोलोमेउ दियास त्यांतच गेला. त्याचा भाऊ दियोगो ताफ्यापासून तुटला, फार पूर्वेला वाहत गेला आणि मादागास्करला लागला. तिथले रहिवासी आणि अरब व्यापारी यांना ते बेट शेकडो वर्षे माहीत होते, हे सांगायला नकोच.

हिंदी महासागरातली गोष्टच निराळी होती. तिथे मोसमी वारे वर्षातून दोनदा दिशा बदलतात आणि अरब, गुजराती, कोकणी, मलबारी नाखवे त्यांच्या तालावर पिढ्यान्‌पिढ्या ये-जा करत होते. गामाला आफ्रिकेतल्या मालिंदीहून या भागातला जाणकार वाटाड्या मिळाला आणि त्याने तीन-चार आठवड्यांत जहाजे मलबारला आणून लावली. परतताना गामाने मोसमाची वाट पाहिली नाही. कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून तो ऑक्टोबरच्या सुरुवातीला निघाला. वारे फिरायचे होते. तेच अरबी समुद्राचे अंतर कापायला त्याला जवळजवळ तीन महिने लागले आणि त्यात सुमारे तीस माणसे स्कर्व्हीने मेली. हिरड्या सुजतात, दात हलतात, जुन्या जखमा उघडतात आणि माणूस झिजून मरतो. ताजी फळे-भाजी न मिळाल्याने हे होते, हे तेव्हा नीट उमगले नव्हते. तरी जमिनीवर दोन आठवडे काढले, संत्री-लिंबे खाल्ली की माणसे उभी राहतात एवढे अनुभवाने दिसत होते. महासागराच्या मधोमध गोड्या पाण्याचे बेट सापडणे म्हणजे काय, हे यावरून कळावे.

तसे बेट १५०२ मध्ये जुआंव द नोव्हाला मिळाले. तो भारतातून मिरी घेऊन परतत होता. परंपरेने २१ मे ही तारीख सांगतात. तिच्यावर अभ्यासकांचा वाद आहे, पण साल आणि ऋतू जुळतो. कोचीन-कन्नूरहून डिसेंबर-जानेवारीत निघालेले जहाज आफ्रिकेचे टोक ओलांडून मे महिन्याच्या सुमाराला दक्षिण अटलांटिकमध्ये असते, आणि तिथून आग्नेय व्यापारी वारे त्याला ज्या तिरक्या रेषेने वायव्येला नेतात, त्या रेषेवर सेंट हेलेना आहे. सोळा अंश दक्षिणेला, आठशे मीटरहून जरा उंच, आणि स्वच्छ हवेत शंभर किलोमीटरवरून दिसू शकेल असे. त्याच वाटेवर पुढे असेन्शन बेट. तेही याच नोव्हाला सापडले होते.

गंमत अशी, की लिस्बनहून भारताकडे जाताना सेंट हेलेना लागतच नाही. जाण्याची कमान तिथून फार पश्चिमेने जाते आणि वारा बेटाकडून तुमच्याकडे येतो. जाणाऱ्यांच्या वाटेवर वेगळे बेट आहे, फार खाली, सदतीस अंशांवर, पश्चिमी वाऱ्यांच्या पट्ट्यात: ट्रिस्टन दा कुन्हा. १५०६ मध्ये ज्या ताफ्याला ते दिसले त्याचा प्रमुख त्रिश्तांव दा कुन्या. समुद्र इतका खवळलेला होता की उतरता आले नाही. नाव देऊन पुढे गेले. त्या ताफ्यात अफोन्सो द आल्बुकेर्क होता, चार वर्षांनी गोवा घेणारा. म्हणजे ट्रिस्टन जाण्याच्या वाटेवरचे बेट आणि सेंट हेलेना येण्याच्या. दोन्ही एकाच महासागरात, आणि दोन्ही एकाच भारतवारीने उजेडात आणलेली.

सेंट हेलेनाचा पहिला कायमचा रहिवासी मात्र गोव्याच्या लढाईतून आला. फेर्नांव लोपेश हा आल्बुकेर्कच्या सैन्यातला. १५१० मध्ये गोवा घेतल्यावर आल्बुकेर्क मलाक्काकडे गेला आणि मागे उरलेल्यांतले काहीजण आदिलशाहीच्या बाजूला जाऊन मिळाले. लोपेश त्यांतला. १५१२ मध्ये आल्बुकेर्क परत आला आणि त्याने आदिलशाही सरदार रसूल खानाला बाणस्तारीच्या किल्ल्यात कोंडले. गोव्यात चवथीच्या आधी माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या, सामानाचा बाजार भरतो, तीच ही बाणस्तारी. किल्ला खाली करताना रसूल खानाने एक अट घातली: फितुरांना ताब्यात देतो, पण त्यांना जिवे मारायचे नाही. आल्बुकेर्कने शब्द पाळला, म्हणजे फक्त शब्दच पाळला. त्यांची नाके आणि कान कापले, उजवा हात तोडला आणि डाव्या हाताचा अंगठाही.

यातून लोपेश वाचला. आल्बुकेर्क गेल्यानंतर, १५१६ च्या सुमाराला, तो पोर्तुगालला परतणाऱ्या जहाजावर होता. पाणी भरायला जहाज सेंट हेलेनाला थांबले आणि लोपेश रानात लपून बसला. अशा तोंडाने घरी कोणाला भेटायचे? बरोबरच्यांनी शोधले, मिळाला नाही. मग ते बिस्किटांचे पिंप, सुके मांस, मीठ आणि जुने कपडे किनाऱ्यावर ठेवून निघून गेले. गास्पार कोरेया या पोर्तुगीज इतिहासकाराने त्याची हकीकत लिहून ठेवली आहे. एका जहाजावरून समुद्रात पडलेला कोंबडा लाटांबरोबर किनाऱ्याला आला. लोपेशने त्याला उचलले, ऊब दिली, भरवले, आणि तो कोंबडा पुढे त्याच्या मागेमागे फिरू लागला. येणारी जहाजे त्याच्यासाठी काहीबाही ठेवून जात: बियाणे, रोपे, कोंबड्या, शेळ्या. एका हाताच्या, अंगठा नसलेल्या माणसाने तिथे बाग उभी केली. पुढे त्याला पोर्तुगालला बोलावले गेले, राजाला आणि रोमला जाऊन पोपलाही तो भेटला, आणि मागितले काय, तर परत बेटावर जाऊ द्या. १५४५ च्या सुमाराला तो तिथेच वारला. एकंदर तीस वर्षांच्या आसपास त्याने या बेटावर काढली.

शेळ्यांचे मात्र पोर्तो सांतोच्या सशांसारखेच झाले. जहाजांना मांस मिळावे म्हणून सोडलेल्या शेळ्यांचे पुढे कळप झाले आणि त्यांनी कोवळी रोपे खाऊन जंगल वाढूच दिले नाही. या बेटाखेरीज जगात कुठेही नसलेल्या कितीतरी वनस्पती तिथे होत्या. त्यांतले सेंट हेलेना ऑलिव्ह नावाचे झाड २००३ मध्ये कायमचे संपले.

वाऱ्याने जहाज नेले, तसे वारा पडल्यामुळेही नेले. १५३५ च्या फेब्रुवारीत पनामाचा बिशप तोमास द बेर्लांगा पेरूला निघाला. पेरू जिंकणारा पिझारो आणि त्याच्या साथीदारांतले तंटे मिटवायचे हे राजाने सोपवलेले काम होते. विषुववृत्ताजवळ वारा ठार पडला. शिडे लोंबू लागली आणि प्रवाहाने जहाज पश्चिमेकडे ओढले. १० मार्चला जमीन दिसली. प्यायचे पाणी संपत आलेले. बेटावर विहीर खणली तर समुद्रापेक्षा खारट पाणी लागले. शेवटी निवडुंगाची पाने चावून, त्यांचा रस पिळून माणसांनी घसा ओला केला. दोन माणसे आणि दहा घोडे तहानेने मेले तेव्हा कुठे दुसऱ्या एका बेटावर खडकांच्या खबदाडीत गोडे पाणी सापडले.

बेर्लांगाने राजाला लिहिलेल्या पत्रात तिथल्या प्रचंड कासवांचे आणि घोरपडीसारख्या प्राण्यांचे वर्णन आहे. पक्षी इतके भाबडे, की माणूस हाताने पकडतो तरी उडत नाहीत. जमीन त्याला अजिबात आवडली नाही; देवाने कधीतरी इथे दगडांचा पाऊस पाडला असावा, अशा अर्थाचे काहीतरी तो म्हणतो. ही गालापागोस बेटे. चार्ल्स डार्विनला तिथे पोहोचायला अजून तीनशे वर्षे होती. बेर्लांगाने अक्षांश मात्र चांगला मोजला: विषुववृत्ताच्या खाली अर्धा ते दीड अंश. पनामा-पेरू हा स्पेनचा रोजचा मार्ग झाला होता आणि त्याच मार्गाच्या शेजारून पश्चिमेकडे प्रवाह वाहतो. वारा पडला की कोणीतरी तिथे जाणारच होते.

आता हवाईचे कोडे सुटते. अकापुल्कोहून निघालेली गलबते व्यापारी वारे पाठीशी घ्यायला तेरा अंशांच्या आसपास उतरत आणि सरळ ग्वामकडे जात. परतीची वाट १५६५ मध्ये आंद्रेस द उर्दानेता याने आखून दिली. तीही एक व्होल्टाच: जपानच्या बाजूने वर चढून छत्तीस ते चाळीस अंशांवर पश्चिमी वारे धरायचे. हवाई आहे एकोणीस ते बावीस अंशांवर. मौना केआ तत्त्वतः अडीचशे किलोमीटरच्या आतूनच दिसतो, तोही ढग नसतील तर. जाणारी गलबते त्याच्या सहाशे किलोमीटर खालून, येणारी दीड हजार किलोमीटर वरून. दिसणार कसा? कुक तिथे पोहोचला, कारण तो पूर्व-पश्चिम जातच नव्हता. ताहितीच्या बाजूने उत्तर अमेरिकेकडे, म्हणजे दक्षिणोत्तर जाताना त्याने दोन्ही वाटांमधली रिकामी पट्टी ओलांडली. त्याच्या शेकडो वर्षे आधी पॉलिनेशियन लोक दक्षिणेकडून तसेच वाऱ्याला आडवे जाऊन हवाईत पोहोचले होते. ताऱ्यांच्या, लाटांच्या आणि पक्ष्यांच्या खुणांवर, धातूचे एकही यंत्र हाताशी नसताना.

राहिला पूर्व-पश्चिमचा प्रश्न, म्हणजे रेखांश. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते. तुमच्या जागी दुपारचे बारा वाजलेत आणि त्याच क्षणी लिस्बनला किती वाजलेत हे कळले, तर फरकाला पंधराने गुणा, झाला रेखांश. गणित चौथीच्या मुलाचे. पण लिस्बनची वेळ बरोबर बाळगायची कशी? डोलणाऱ्या, दमट, कधी उकडणाऱ्या तर कधी गोठणाऱ्या जहाजावर लंबकाचे घड्याळ चालत नाही. चार मिनिटांची चूक म्हणजे विषुववृत्तावर १११ किलोमीटर. म्हणून वेगाचा अंदाज, दिशा आणि गेलेला वेळ यांवरून ठोकताळा बांधायचा. खालून प्रवाह किती ओढतोय हे कळायला मार्गच नव्हता.

याची किंमत डचांनी मोजली. हेन्ड्रिक ब्राउवरने १६११ मध्ये जावाला जायची नवी वाट दाखवली: आफ्रिकेच्या टोकापासून गरजणाऱ्या चाळिसात उतरायचे, सुसाट पूर्वेला जायचे आणि मग उत्तरेला वळायचे. जुन्या वाटेच्या साधारण निम्म्या वेळात माणूस जावाला. फक्त ‘वळायचे कधी’ हे कळत नव्हते. उशिरा वळलेले जहाज ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याला भिडणार. २५ ऑक्टोबर १६१६ ला डर्क हार्टोग असाच एका ओसाड बेटाला लागला. जहाजाचे नाव, तारीख आणि प्रमुखांची नावे कथिलाच्या थाळीवर कोरून ती त्याने खांबाला ठोकली. १६९७ मध्ये व्लामिंग या दुसऱ्या डच कप्तानाला ती सापडली, आणि आज ती अ‍ॅम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे.

‘बटाव्हिया’ या जहाजाचे नशीब इतके बरे नव्हते. त्यावरचा प्रमुख फ्रान्सिस्को पेल्सार्ट जहांगीरच्या काळात आग्र्याच्या डच वखारीत अनेक वर्षे काढलेला माणूस. ४ जून १६२९ च्या पहाटे, उजाडायच्या आधी, पुढे समुद्रावर काहीतरी पांढरे दिसले. चांदणे असेल, असे ठरले. ते खडकांवर फुटणाऱ्या लाटांचे पाणी होते. हिशोबाप्रमाणे जमीन अजून बरीच लांब असायला हवी होती. जहाज हाउटमन अब्रोल्होस बेटांच्या प्रवाळात रुतले, चाळीसेक माणसे बुडाली, आणि पेल्सार्ट होडीतून मदत आणायला जावाला गेला असताना मागे राहिलेल्यांत येरोनिमस कोर्नेलिस नावाच्या अधिकाऱ्याने टोळी करून शंभराहून अधिक जणांना ठार केले.

रेखांश न कळण्याची दुसरी तऱ्हा म्हणजे सापडलेले बेट हरवणे. स्पेनचा आल्व्हारो द मेंदान्या १५६८ मध्ये सॉलोमन बेटांवर जाऊन आला. १५९५ मध्ये तो वसाहत करायला बायकापोरांसकट माणसे घेऊन पुन्हा निघाला. वाटेत एक द्वीपसमूह दिसला आणि आधी त्याला वाटले, आलो पोहोचलो. ती मार्केसास बेटे निघाली, युरोपीयांनी पूर्वी कधी न पाहिलेली. सॉलोमन बेटे त्याला पुन्हा सापडलीच नाहीत; शोधता शोधता सांता क्रूझ बेटावर तो मेला. १७६७ मध्ये इंग्रज कप्तान फिलिप कार्टरेट खुद्द सॉलोमन बेटांमधून गेला, पण हीच ती, हे त्याला कळले नाही.

आणि इंग्रज आरमाराचा जॉर्ज अ‍ॅन्सन. १७४१ मध्ये त्याच्या ‘सेंच्युरियन’ या जहाजावर स्कर्व्हीने रोज माणसे मरत होती आणि त्याला चिलीच्या पश्चिमेचे हुआन फर्नांदेस बेट गाठायचे होते. अक्षांश माहीत होता. त्या अक्षांशावर आल्यावर बेट डावीकडे की उजवीकडे? पश्चिमेला जात असताना त्याला वाटले आपण चुकलो. तो पूर्वेला वळला आणि चिलीचा किनारा दिसेपर्यंत गेला, मग पुन्हा उलट. या फेऱ्यात सत्तर-ऐंशी माणसे गेली.

जॉन हॅरिसन या इंग्लंडमधल्या सुताराच्या मुलाने आयुष्यभर खपून केलेले घड्याळ १७६१-६२ मध्ये जमैकाच्या सफरीत ८१ दिवसांत अवघे पाच सेकंद मागे पडले, तेव्हा हे दुखणे बरे व्हायला लागले. नकाशे मात्र लगेच सुधारले नाहीत. चुकीच्या रेखांशावर नोंदलेली, ढगाला किंवा तरंगत्या दगडांना पाहून ‘बेट’ म्हणून लिहिलेली कितीतरी नावे पिढ्यान्‌पिढ्या छापली जात राहिली, कारण नसलेले बेट नकाशावर ठेवणे दर्यावर्द्याला परवडते. असलेले बेट पुसणे परवडत नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यू कॅलेडोनिया यांच्या मध्ये ‘सँडी आयलंड’ असेच होते. १८७६ मध्ये ‘व्हेलॉसिटी’ या देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजाने त्याची खबर दिली होती. फ्रेंचांनी ते १९७० च्या दशकात आपल्या नकाशांवरून काढले, पण गूगल मॅप्सवर ते दिसतच होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये ‘सदर्न सर्व्हेयर’ हे ऑस्ट्रेलियन संशोधन जहाज मुद्दाम त्या जागेवरून गेले. तिथे हजार मीटरहून खोल पाणी होते. त्याच महिन्यात गूगलने ते बेट पुसले.